प्लस-मायनस उलटे लागले तरी संच वाचावा म्हणून: छोट्या हॅम रेडिओसाठी संरक्षक मंडल

तोरणमाळच्या पठारावर सूर्य मावळला की थोड्याच वेळात हातातली वायर लाल आहे की काळी, हे सांगता येईनासे होते, कारण मंद उजेडात डोळ्याला लाल रंगच सर्वांत आधी काळपट दिसू लागतो. अशाच एका संध्याकाळी मी स्वतः बांधलेला ५ वॅटचा हॅम रेडिओ संच (हौशी लोक एकमेकांशी संपर्क साधायला वापरतात तो बिनतारी संच) फवारणी पंपातून काढून आणलेल्या १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांच्या सीलबंद बॅटरीला उलटा जोडला. गाडीच्या बॅटरीत धन खांब ऋण खांबापेक्षा जाड असतो. या बॅटरीची दोन्ही टोके मात्र एकाच रुंदीच्या पत्र्याची असतात आणि थिंबल (वायरीच्या टोकाचा धातूचा जोड) दोन्हींवर तितक्याच सहज बसते. बारीकसा आवाज झाला, जळक्या वार्निशचा वास आला आणि दोन दिवसांच्या बेतातील पहिल्याच संध्याकाळी संच बंद पडला.

घरी आल्यावर झाकण उघडले तेव्हा अंतिम टप्प्यातील आयआरएफ ५१० मॉसफेटचा (हा एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) चोक, म्हणजे तारेचे वेटोळे, काळा पडला होता, एलएम ३८६ हा ध्वनिवर्धक आयसी फुटला होता आणि एक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर फुगला होता. या तिन्ही भागांची किंमत किरकोळ होती. पण ते शोधून, बदलून, संच पुन्हा जुळवण्यात महिना गेला. त्यानंतर मी बांधलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या प्रत्येक छोट्या संचात संरक्षक मंडल बसवतो, आणि ते वायरीवर न बसवता संचाच्या पेटीच्या आत बसवतो. वायर बदलते, हरवते, कोणाला तरी उसनी दिली जाते. पेटीच्या आत बसवलेले मंडल मात्र संचाबरोबर सर्वत्र जाते.

उलट जोडणीत काय घडते

हे समजून घेतल्याशिवाय उपाय निवडू नये. एन-चॅनल मॉसफेटच्या रचनेतच स्रोताकडून निचऱ्याकडे वाहणारा एक डायोड, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, दडलेला असतो (ही मॉसफेटची दोन टोके; येथून पुढे मी सोर्स आणि ड्रेन हेच शब्द वापरतो, कारण दुकानात व बाकावर तेच चालतात. तिसरे टोक गेट, ज्यावरील दाबाने मॉसफेट उघडतो किंवा बंद होतो). पुरवठा सरळ असताना तो डायोड गप्प असतो. पुरवठा उलटा झाला की तो पूर्ण वाहू लागतो, आणि बॅटरी, चोक व मॉसफेट मिळून एक लघुमंडल (शॉर्ट सर्किट) तयार होते. त्यात सर्वांत बारीक तार चोकची, म्हणून आधी तोच जळतो. आयसींच्या आतही असेच अनाहूत डायोड असतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उलट दिशेने एक ते दीड व्होल्टपर्यंतच तग धरतो, आणि टँटलम कपॅसिटर तर पेटही घेऊ शकतो. हे सारे इतक्या लवकर घडते की चूक ध्यानात येऊन वायर ओढेपर्यंत नुकसान झालेले असते.

आधी तीन आकडे काढावेत

पहिला आकडा म्हणजे संचाचा कमाल प्रवाह. मल्टिमीटर १० अँपिअरच्या खुणेवर ठेवून धन वायरीत मालिकेत जोडावा, अँटेनाच्या जागी डमी लोड (शक्ती जिरवणारा रोधक) लावून पूर्ण शक्तीने प्रक्षेपण करावे आणि वाचन टिपून घ्यावे. ५ वॅटच्या घरगुती संचाला प्रक्षेपणात साधारण दीड ते दोन अँपिअर लागतात. १०० वॅटच्या तयार संचाला २० अँपिअरच्या वर लागतात, आणि त्याचा विचार वेगळा करावा लागतो. दुसरा आकडा म्हणजे संच ज्या किमान दाबावर (व्होल्टेजवर) नीट चालतो तो. आत ७८०९ सारखा रेग्युलेटर असेल तर त्याला ९ व्होल्ट स्थिर ठेवण्यासाठी सुमारे ११ व्होल्ट लागतात. त्याखाली दाब गेला की ऑसिलेटर (वारंवारता ठरवणारा भाग) सरकू लागतो. तिसरा आकडा बहुतेक जण काढतच नाहीत, तो म्हणजे तुमची बॅटरी लघुमंडलात किती प्रवाह देऊ शकते.

तो काढायला अवघड नाही. दीड मीटर लांबीच्या जोडवायरीत येऊन-जाऊन ३ मीटर तांबे असते. ०.७५ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याचा तेवढ्या लांबीचा रोध सुमारे ०.०७ ओहम भरतो. चांगल्या सीलबंद बॅटरीचा अंतर्गत रोध ०.०३ ओहमच्या घरात धरला तर एकूण ०.१ ओहम झाला, म्हणजे प्रवाह शंभर अँपिअरच्या पुढे जातो. फवारणी पंपातली ही साधी बॅटरी क्षणभर एवढा प्रवाह देते. संरक्षणाचा प्रत्येक घटक या आकड्यासमोर उभा करून पाहावा.

मालिकेतील डायोड

सर्वांत सोपा उपाय म्हणजे धन वायरीत एक डायोड टाकणे. उलट जोडणीत तो वाहतच नाही, फ्यूज उडत नाही, जोडणी सुलट केली की संच चालू होतो. त्याची किंमत मात्र दाबाने मोजावी लागते. १एन५४०८ सारख्या सिलिकॉन डायोडवर ०.७ व्होल्ट किंवा थोडा अधिक दाब खर्च होतो. १२ व्होल्टऐवजी ११.३ व्होल्ट मिळाले तर, अंतिम टप्प्याची शक्ती दाबाच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्याने, ती सुमारे ११ टक्क्यांनी घटते. १एन५८२२ हा ३ अँपिअरचा शॉटकी डायोड घेतला तर घट जवळपास निम्म्यावर येते. दूरच्या स्थानकाला ही घट जाणवणारही नाही. खरी अडचण पहाटे येते, जेव्हा बॅटरी ११.५ व्होल्टवर उतरलेली असते आणि डायोडने खाल्लेला अर्धा-पाऊण व्होल्टच रेग्युलेटरला कमी पडतो.

म्हणून माझे मत असे आहे की अर्ध्या अँपिअरच्या आतील उपकरणांना, म्हणजे नुसता ग्राहक (रिसीव्हर), कीयर (मोर्स संदेश पाठवण्याचे साधन), एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाची जुळणी मोजणारा), आर्डुइनोवर चालणारा वारंवारता दर्शक यांना, शॉटकी डायोड पुरेसा आहे आणि तेथे अधिक खटाटोप करू नये. तेवढ्या प्रवाहासाठी १एन५८१९ चालतो. डायोडवरील पट्टी संचाच्या बाजूला यावी.

समांतर डायोड आणि फ्यूज

अनेक तयार संचांत आढळणारी ही पद्धत आहे. डायोड पुरवठ्याच्या दोन्ही टोकांवर असा लावतात की त्याची पट्टी धन बाजूला येते आणि एरवी तो वाहत नाही. त्याच्या आधी, बॅटरीच्या बाजूला, फ्यूज असतो. उलट जोडणी झाली की डायोड पूर्ण वाहतो, संचावरील उलट दाब व्होल्ट-दीड व्होल्टवर रोखून धरतो आणि फ्यूज उडवतो. दाब वाया जात नाही हा तिचा मोठा गुण आहे.

दोष असा की ही फ्यूज आणि डायोड यांच्यातील शर्यत असते. वर काढलेला शंभर अँपिअरचा आकडा येथे कामास येतो. १एन४००७ ची क्षणिक क्षमता ३० अँपिअरची आहे, म्हणजे तो येथे ठेवणे धोक्याचे; १एन५४०८ ची क्षमता ८.३ मिलिसेकंदांसाठी २०० अँपिअर आहे, आणि ३ अँपिअरच्या जलद फ्यूजसमोर तो टिकतो. दुसरा नियम असा की डायोडचा सततचा प्रवाह फ्यूजच्या आकड्यापेक्षा कमी नसावा. पुरवठा बॅटरीऐवजी २ अँपिअरच्या अॅडॅप्टरचा असेल तर ३ अँपिअरचा फ्यूज कधीच उडणार नाही आणि सारा प्रवाह डायोडलाच सोसावा लागेल. आणि कोणी उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळली, तर संरक्षणच उरत नाही. डोंगरावर सुटा फ्यूज जवळ नसताना तसे करण्याचा मोह होतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

स्वतःहून पूर्ववत होणारा पॉलिफ्यूज येथे सुचवला जातो, पण आपल्या भागासाठी मी तो सुचवणार नाही. त्याचा आकडा साधारण २० ते २५ अंश तापमानाला दिलेला असतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि उन्हातील काळी पेटी त्याहून तापते. तेव्हा त्याची वहनक्षमता बरीच घटते आणि सरळ जोडणीतही तो ऐन प्रक्षेपणात पुरवठा तोडू लागतो.

पी-चॅनल मॉसफेट

दोन ते पाच-सहा अँपिअर घेणाऱ्या संचासाठी हाच उपाय मला योग्य वाटतो. आयआरएफ ४९०५ या पी-चॅनल मॉसफेटचा चालू स्थितीतील रोध कमाल ०.०२ ओहम आहे. २ अँपिअरला त्यावर फक्त ४० मिलिव्होल्ट खर्च होतात. ५ अँपिअरला १०० मिलिव्होल्ट आणि अर्धा वॅट उष्णता, जी उष्णताशोषक पत्र्याशिवायही सोसते. आयआरएफ ९५४०एन चालतो, पण त्याचा रोध ०.११७ ओहम असल्याने २ अँपिअरच्या आतच वापरावा.

खरेदी करताना एक खबरदारी घ्यावी. इन्व्हर्टर दुरुस्तीच्या दुकानांत आयआरएफझेड ४४ आणि आयआरएफ ३२०५ सहज मिळतात आणि दिसायला ते अगदी सारखेच असतात, पण ते एन-चॅनल आहेत आणि या मंडलात चालणार नाहीत. घरी आणल्यावर मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून पडताळणी करावी. आधी गेट आणि सोर्स बोटाने किंवा तारेने क्षणभर एकत्र करावेत. मग लाल टोक ड्रेनवर आणि काळे सोर्सवर ठेवल्यास साधारण ०.४ ते ०.६ व्होल्ट दिसले आणि टोके उलट केल्यावर काहीच दिसले नाही, तर तो पी-चॅनल आहे. नेमके उलट दिसले तर तो एन-चॅनल समजून परत करावा.

जोडणी अशी करावी. छापील बाजू आपल्याकडे आणि पाय खाली ठेवले की डावीकडून गेट, ड्रेन, सोर्स असा क्रम येतो. बॅटरीची धन वायर ड्रेनला आणि संचाची धन वायर सोर्सला जोडावी. पुष्कळांचा हात येथे उलटा जातो, कारण पी-चॅनल मॉसफेट स्विच म्हणून वापरताना एरवी पुरवठा सोर्सलाच जोडतात. येथे तो मुद्दाम उलटा बसवायचा आहे, म्हणजे त्याच्या आतील डायोड बॅटरीकडून संचाकडे वाहतो. गेट १० किलो-ओहमच्या रोधकातून ऋण वायरीला जोडावे. सोर्स आणि गेट यांच्यामध्ये १२ व्होल्टचा झेनर (ठराविक दाबाच्या पुढे उलट दिशेनेही वाहणारा डायोड), उदाहरणार्थ १एन४७४२ए, पट्टी सोर्सकडे ठेवून लावावा. या मॉसफेटच्या गेटवर २० व्होल्टपेक्षा जास्त दाब चालत नाही आणि गाडीतील पुरवठ्यात क्षणिक उसळ्या असतात, म्हणून हा झेनर गाळू नये.

सरळ जोडणीत प्रथम आतील डायोड वाहतो, सोर्सचा दाब वर येतो, गेट ऋण वायरीवर असल्याने मॉसफेट पूर्ण उघडतो आणि डायोडला वळसा मिळतो. उलट जोडणीत गेट आणि सोर्स यांच्यात दाबाचा फरकच निर्माण होत नाही, मॉसफेट बंद राहतो आणि आतील डायोडही उलट पडल्याने वाहत नाही.

हे सर्व झिरो पीसीबीच्या (छिद्रे असलेल्या तयार पाटीच्या) अंगठ्याएवढ्या तुकड्यावर मावते. जास्त प्रवाहाच्या वाटेवर पट्ट्यांवरून तांब्याची उघडी तार ठेवून तिच्यावर सोल्डर भरावे. मॉसफेटची धातूची पाठ ड्रेनशी, म्हणजे थेट बॅटरीच्या धन टोकाशी, जोडलेली असते. ती पेटीला टेकवायची असेल तर मायका किंवा सिलिकॉनचा तुकडा आणि स्क्रूसाठी प्लॅस्टिकचा वॉशर अत्यावश्यक आहे. इच्छा असल्यास मंडलाच्या आधी, बॅटरीच्या बाजूला, एक लाल एलईडी २.२ किलो-ओहम रोधक आणि १एन४१४८ डायोडसह उलट दिशेने लावावा. जोडणी उलटी झाली की तो पेटतो आणि शांत पडलेला संच बिघडला आहे असे वाटून झाकण उघडण्याचा प्रसंग टळतो.

चाचणी केल्याशिवाय संच जोडू नये

या मंडलाचा सर्वांत फसवा गुण असा की ते चुकीचे बांधले तरी सरळ जोडणीत संच व्यवस्थित चालतो. ड्रेन-सोर्स उलटे लागले असतील तर मॉसफेट सरळ पुरवठ्यात उघडतो, सारे ठीक दिसते, आणि ज्या दिवशी बॅटरी उलटी लागते त्या दिवशी आतील डायोड संपूर्ण उलट दाब संचावर सोडतो. म्हणून संचाच्या जागी आधी गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब लावावा. तो सुमारे पावणेदोन अँपिअर घेतो.

बॅटरीच्या वायरीत ३ अँपिअरचा फ्यूज ठेवून प्रथम ती मुद्दाम उलटी जोडावी. बल्ब मुळीच पेटू नये आणि बल्बच्या टोकांवर मीटरने शून्याच्या आसपास दाब दाखवावा. मग सरळ जोडावी. बल्ब पूर्ण तेजाने पेटला की मीटर मिलिव्होल्टवर ठेवून ड्रेन आणि सोर्स यांच्यातील दाब मोजावा. आयआरएफ ४९०५ असेल तर ३५ मिलिव्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी वाचन यावे. ०.६ ते ०.७ व्होल्ट आले, तर मॉसफेट उघडलेलाच नाही आणि केवळ आतील डायोड वाहत आहे. अशा वेळी गेटचा रोधक आणि झेनरची दिशा तपासावी. शंभर-दीडशे मिलिव्होल्ट आले तर भागावर छापलेला क्रमांक खरा नसण्याची शक्यता धरावी आणि दुसरा भाग आणावा.

बल्बची परीक्षा झाल्यावर संच जोडावा, पण पहिल्या वेळी तोच बल्ब पुरवठ्याच्या वायरीत मालिकेत ठेवावा. संच ग्रहणावर (रिसीव्हवर) असताना बल्ब जेमतेम लालसर होतो. तो पूर्ण पेटला तर आत काहीतरी चुकले आहे, आणि बल्बने प्रवाह रोखून धरल्याने ते दुरुस्त करायला अवधी मिळतो.

आणखी एक बारकावा असा. संच बंद करून लगेच बॅटरी उलटी लावली, तर आतील मोठा कपॅसिटर अजून भरलेला असल्याने मॉसफेट क्षणभर उघडाच असतो. बॅटरी बदलताना संचाचा दिवा पूर्ण विझेपर्यंत थांबावे.

मॉसफेट जेथे वाचवू शकत नाही

येथे अनुभवी मंडळीही फसतात. समजा संच आणि अँटेना ट्यूनर (अँटेना संचाशी जुळवणारे उपकरण) एकाच बॅटरीवर चालतात आणि ट्यूनरची जोडणी सरळ आहे. ट्यूनरची पेटी म्हणजे बॅटरीचे ऋण टोक. आता संच उलटा लागला, तर त्याची पेटी बॅटरीच्या धन टोकाला गेली. दोन्ही पेट्या कोअॅक्स केबलच्या (अँटेनाच्या वायरीच्या) वेणीने, म्हणजे बाहेरच्या धातूच्या जाळीने, एकमेकींना जोडलेल्या आहेत. धन टोकापासून संचाच्या पेटीत, तेथून वेणीतून ट्यूनरच्या पेटीत आणि तेथून ऋण टोकाला, असा प्रवाहाचा मार्ग मोकळा झाला, आणि त्यात मॉसफेट कोठेच नाही. हीच गत संचाला ध्वनिवायरीने जोडलेल्या आणि त्याच बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपची होते. तेथे तर बारीक वायरीचे कवच जळते. जीपच्या टपावर पत्र्याशी जोडलेली अँटेना असेल तर पत्रा म्हणजेच ऋण टोक, आणि संच उलटा लावताच कोअॅक्सची वेणीच लघुमंडल करते.

यावर उपाय म्हणजे धन आणि ऋण, दोन्ही वायरींत फ्यूज. वरच्या उदाहरणात प्रवाह संचाच्या ऋण वायरीतून वाहतो आणि तेथील फ्यूज उडतो. याच कारणाने एन-चॅनल मॉसफेट ऋण वायरीत टाकण्याची, एरवी स्वस्त आणि सोपी, पद्धत रेडिओसाठी मी टाळतो. कारण कोणत्याही कवचाच्या वाटेने प्रवाह त्याला वळसा घालतो. चार डायोडांचा ब्रिज तर मुळीच वापरू नये. त्यावर दुप्पट दाब खर्च होतो आणि संचाची पेटी बॅटरीच्या ऋण टोकापासून तुटते.

वायर, फ्यूज आणि जोडणीची टोके

पात्यांचे गाडीचे फ्यूज घ्यावेत, कारण त्यांचा आकडा रंगावरूनही कळतो: ३ अँपिअर जांभळा, ५ फिका तपकिरी, ७.५ तपकिरी, १० लाल. फ्यूज बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतराच्या आत असावा. संचाजवळ ठेवलेला फ्यूज मधल्या वायरीचे रक्षण करत नाही.

मगरपकडी सोडून द्याव्यात. प्रत्येक बॅटरीला फ्यूजसह आखूड वायर कायमची बसवावी, दिवसाच्या उजेडात एकदा मीटरने तपासावी आणि तिच्या टोकाला एकाच प्रकारचा कनेक्टर लावावा. एक्सटी ६० चांगला आहे; त्याच्या आकारामुळे तो उलटा बसत नाही आणि धन-ऋण खुणा त्यावर कोरलेल्या असतात. मादी टोक, ज्यात धातू आत लपलेला असतो, ते नेहमी बॅटरीच्या बाजूला असावे. गोल ५.५ बाय २.१ मिलिमीटरचा डीसी जॅक छोट्या संचांत सर्रास आढळतो आणि तोच सर्वांत धोक्याचा आहे. बहुतेक रेडिओंत त्याचा मध्य धन असतो, पण गिटारच्या पेडलांच्या आणि भजनी मंडळाच्या काही कीबोर्डांच्या अॅडॅप्टरमध्ये मध्य ऋण असतो, आणि दोन्ही पिना एकमेकांच्या जागी अचूक बसतात. अॅडॅप्टरच्या वायरीवरील पांढऱ्या पट्टीवरही विसंबू नये, ती दर वेळी धनच असते असे नाही.

मोठ्या संचासाठी, म्हणजे २० अँपिअरच्या पुढे, गाडीचा ३० किंवा ४० अँपिअरचा रिले (कॉइलमधील प्रवाहाने ओढला जाणारा स्विच) वापरता येतो, ज्याच्या कॉइलसोबत १एन४००७ मालिकेत असल्याने पुरवठा सरळ असतानाच रिले ओढला जातो. कॉइल दीडशे मिलिअँपिअरच्या आसपास सतत घेते. घरच्या पुरवठ्यावर ते चालते. डोंगरावर नेलेल्या छोट्या बॅटरीवर चालणार नाही. ट्रॅक्टर किंवा जीपच्या बॅटरीवर संच चालवायचा असल्यास मॉसफेटच्या आधी दोन्ही दिशांनी रोखणारा पी६केई१८सीए हा उसळीशोषक डायोड समांतर लावावा आणि इंजिन सुरू करताना संच काढून ठेवावा.

तोरणमाळला जळालेल्या त्या संचात आता आयआरएफ ४९०५ आहे. झाकणाच्या आतल्या बाजूस कागदाची चिठ्ठी चिकटवून तिच्यावर चाचणीची तारीख, बल्बचे वॅट आणि ड्रेन-सोर्समधील मिलिव्होल्ट लिहिले आहेत; दर पावसाळ्यानंतर तोच बल्ब लावून मी नवे वाचन त्याखाली लिहितो, आणि आकडा वाढलेला दिसला तर आधी मॉसफेटच्या पायांचे सांधे नव्याने सोल्डर करतो.